शिक्का सरकारचा, धातू कुणाचा?

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्याच्या संघीय न्यायालयात 2008 साली एक दावा दाखल झाला. वादी अमेरिकेचं सरकार. आणि प्रतिवादी? 3,039.375 पौंड तांब्याची नाणी. दाव्याचं शीर्षकच तसं होतं, अगदी दशांशचिन्हानंतरच्या तीन आकड्यांसकट. तिथल्या कायद्यात वस्तूवरच दावा लावता येतो. मालकावर गुन्हा शाबीत झालेला असो वा नसो, वस्तूलाच कोर्टात उभं करायचं आणि तिचा कायमचा कबजा मागायचा. वकिलांना त्यात काही नवल वाटत नाही. मला मात्र ते शीर्षक वाचल्यापासून एकच प्रश्न सोडत नाही. ही नाणी कुणीतरी पैसे मोजून घेतली होती. ती माणसं या दाव्यात कुठे आहेत?

हे प्रकरण ‘लिबर्टी डॉलर’चं. बर्नार्ड व्हॉन नॉटहाउस या गृहस्थांनी 1998 मध्ये ते सुरू केलं. कागदी डॉलरची किंमत वर्षागणिक झिजत जाते, अमेरिकेची मध्यवर्ती बँक म्हणजे फेडरल रिझर्व्ह हवे तेवढे डॉलर निर्माण करते आणि त्याची किंमत बचत करणारा सामान्य माणूस मोजतो, असं त्यांचं ठाम मत होतं. म्हणून त्यांनी इंडियाना राज्यातल्या इव्हान्सव्हिल गावी संस्था काढली आणि चांदीची नाणी बाजारात आणली. ‘खासगी, ऐच्छिक विनिमय चलन’ असं ते त्यांना म्हणत. दुकानदाराला विचारायचं, चांदी घेणार का? तो हो म्हणाला तर द्यायची, नाही म्हणाला तर खिशातले नेहमीचे डॉलर काढायचे. सोन्याची नाणी होती, तांब्याची होती, आणि ज्यांना चांदी घरात ठेवायची नव्हती त्यांच्यासाठी कागदी पावत्याही होत्या. त्या पावत्यांमागची चांदी आयडाहो राज्यातल्या कोर द'अलेन इथे एका खासगी टाकसाळीत ठेवलेली असे.

सप्टेंबर 2006 मध्ये सरकारी टाकसाळीने जाहीर इशारा दिला की ही नाणी चलन म्हणून वापरणं हा संघीय गुन्हा आहे. व्हॉन नॉटहाउस पळून गेले नाहीत. उलट मार्च 2007 मध्ये ते स्वतःच न्यायालयात गेले आणि आमचं काम कायदेशीर आहे की नाही हे एकदा ठरवून द्या, अशी मागणी त्यांनी केली. त्यानंतर आठ महिन्यांनी, 14 नोव्हेंबर 2007 रोजी, एफबीआय आणि सीक्रेट सर्व्हिसचे अधिकारी इव्हान्सव्हिलच्या कचेरीत शिरले. कागदपत्रं, संगणक, सोनं, चांदी, प्लॅटिनम, सगळं गेलं. त्यात जवळजवळ दोन टन तांब्याची नाणी होती. त्यांच्यावर तेव्हा अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी उभे असलेले खासदार रॉन पॉल यांचा चेहरा होता. कोर द'अलेनच्या टाकसाळीतला साठाही ताब्यात घेतला गेला.

व्हॉन नॉटहाउस यांना अटक झाली ती मात्र जून 2009 मध्ये. धातू आधी गेला आणि माणूस दीड वर्षाने. मार्च 2011 मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या स्टेट्सव्हिलच्या न्यायालयात ज्यूरीने त्यांना तीन आरोपांवर दोषी ठरवलं. शिक्षा सुनावली गेली डिसेंबर 2014 मध्ये: सहा महिने घरातच स्थानबद्धता आणि तीन वर्षं देखरेखीखाली. 2011 मध्ये सरकारने जप्तीसाठी मागितलेला माल होता सुमारे 16,000 पौंड, म्हणजे सव्वासात टन. त्याची तेव्हाची किंमत सुमारे 70 लाख डॉलर.

आता ते नाणं हातात घेऊन बघू. एक औंस, म्हणजे 31.1 ग्रॅम, 999 शुद्धतेची चांदी. एका बाजूला मुकुट घातलेल्या स्वातंत्र्यदेवतेचा चेहरा आणि ‘लिबर्टी’, ‘यूएसए’, ‘ट्रस्ट इन गॉड’ ही अक्षरं. दुसऱ्या बाजूला मशाल, वजन, शुद्धता, डॉलरचं चिन्ह लावलेला आकडा आणि चक्क टोल-फ्री फोन नंबर. हा फोन नंबर माझ्या मनात रुतून बसला आहे. खोटी नाणी पाडणारा माणूस आपला नंबर नाण्यावर छापत नाही. पण ‘ट्रस्ट इन गॉड’ हे शब्दही तिथेच आहेत. अमेरिकेच्या सरकारी नाण्यांवर ‘इन गॉड वुई ट्रस्ट’ असतं. घाईत सुटे मोजणारी गल्ल्यावरची पोरगी हा फरक ओळखेल का? सरकारी वकिलांनी नेमका हाच मुद्दा मांडला आणि त्यात तथ्य आहे.

दुसरी गोष्ट आकड्याची. 1998 मध्ये चांदीचा भाव औंसाला पाच डॉलरच्या आसपास होता आणि या नाण्यावर आकडा होता 10. चांदी महागली तसा नव्या नाण्यांवरचा आकडा 20 झाला, पुढे 50. मधला फरक कुणाच्या खिशात जात होता? काही संस्थेच्या, काही तिच्या सभासद-विक्रेत्यांच्या. त्यांना नाणी सवलतीत मिळत आणि ती अंकित किमतीला खपवण्याची त्यांना मुभा होती. आपल्याकडच्या साखळी योजनांशी याचं नातं लागतं आणि ते मला आवडत नाही. फेडरल रिझर्व्ह पैशाची किंमत फुगवते म्हणून ओरडायचं आणि स्वतः पाच डॉलरच्या चांदीवर दहाचा शिक्का मारायचा, हे तत्त्वाला धरून नव्हतं.

तेव्हा व्हॉन नॉटहाउस यांना हुतात्मा करावं असं मला वाटत नाही. सरकारने त्यांना थांबवलं याबद्दलही माझी फारशी तक्रार नाही. तक्रार आहे ती थांबवताना लोकांचा धातू उचलून नेला आणि सात वर्षं धरून ठेवला याबद्दल. चलनावरचा शिक्का सरकारचा असतो हे मला मान्य आहे. शिक्क्याखालचा धातू मात्र ज्याने पैसे मोजले त्याचा. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवता येतात आणि ठेवल्या पाहिजेत, एवढंच मला म्हणायचं आहे.

शिक्का सरकारचा का असावा, हे मराठी माणसाला पुस्तकातून शिकावं लागत नाही, ते आपल्या भाषेतच मुरलेलं आहे. ‘नावाला बट्टा लागला’ असं आपण म्हणतो. हा बट्टा सराफाच्या पेढीवरचा. पेशवाईत टाकसाळ चालवण्याचे परवाने खासगी माणसांना दिले जात. परवानेदार ठरलेली रक्कम सरकारात भरायचा आणि नाणी पाडायचा. एका गावचा रुपया दुसऱ्या गावी तेवढ्याच मोलाचा असेल याची खात्री नसे. चांदवडी वेगळा, अंकुशी वेगळा, हाली सिक्का वेगळा. कुणी चांदीत भेसळ जास्त केलेली, कुणाचा रुपया झिजलेला. मग पोतदाराने पारखायचं, सराफाने काट्यावर तोलायचं आणि दर रुपयामागे इतका बट्टा कापून बदली नाणं द्यायचं. सराफाला हे गणित तोंडपाठ. मोठ्या व्यापाऱ्यालाही. गाठीला चार रुपये बांधून बाजाराला आलेल्या कुणब्याला मात्र नव्हतं, आणि बट्टा नेमका त्याच्याच गाठीतून जायचा. अनेक टाकसाळींची मोकळी स्पर्धा कागदावर फार देखणी दिसते. तिचा भुर्दंड कोण भरतो हे आपल्या पूर्वजांनी अनुभवलेलं आहे.

त्याहून वाईट प्रकार मळ्यांचा आणि खाणींचा. आसामच्या चहामळ्यांत मजुरी धातूच्या टोकनांत दिली जायची. टोकन मळ्यापुरतं. मळ्याबाहेरच्या बाजारात त्याला कोण विचारतो? अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियाच्या कोळसा खाणींतही तीच रीत होती, खाणमालकाचं टोकन आणि खाणमालकाचंच दुकान. मजुराच्या हातात पैसा होता, पण तो पैसा घेऊन त्याला दुसरीकडे जाता येत नव्हतं. आपल्याकडे 1889 साली कायदा झाला की खासगी माणसाने धातूचे तुकडे पैसा म्हणून पाडू नयेत आणि चालवू नयेत. पुढे 2011 च्या नाणेविषयक कायद्यात तीच बंदी कायम राहिली. कागदाच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेच्या 1934 च्या कायद्याचं कलम 31 आहे. मागताक्षणी धारकाला पैसे देण्याचं वचन लिहिलेला कागद दुसऱ्या कुणी काढायचा नाही. असे कायदे असावेत, मी त्यांच्या बाजूचा आहे.

अमेरिकेच्या इतिहासाने मात्र मला थोडं थबकायला लावलं. तिथल्या राज्यघटनेने घटक राज्यांना नाणी पाडायला मनाई केली, खासगी माणसाला नाही. 1831 मध्ये क्रिस्टोफर बेक्टलर नावाच्या जर्मन स्थलांतरिताने सोन्याची नाणी पाडायला सुरुवात केली. नॉर्थ कॅरोलायनाच्याच पश्चिम भागात, रदरफोर्डटनजवळ. तिथे खाणी होत्या, सोनं होतं, पण सरकारी टाकसाळ दूर फिलाडेल्फियाला. कच्चं सोनं घेऊन तिथवर जाण्यात वेळ जायचा आणि लुटारूंची भीती. बेक्टलरने लोकांचं सोनं घेतलं, आपली मजुरी कापली आणि वजन व कस छापलेली नाणी परत दिली. अमेरिकेतलं पहिलं सोन्याचं एक डॉलरचं नाणं त्यांनी पाडलं. सरकारी टाकसाळीचं तसं नाणं आलं 1849 मध्ये. पुढे कोलोरॅडोत सोनं सापडलं तेव्हा डेन्व्हरला क्लार्क-ग्रुबर या पेढीने 1860 मध्ये टाकसाळ उघडली. सरकारने काय केलं? 1863 मध्ये ती 25,000 डॉलरला विकत घेतली. छापा घातला नाही, पैसे मोजले. खासगी नाण्यांवर खरी बंदी आली 1864 मध्ये, यादवी युद्धाच्या धामधुमीत. सोनं, चांदी किंवा कुठल्याही धातूचं, चालू पैसा म्हणून वापरायच्या इराद्याने पाडलेलं नाणं, मग ते सरकारी नाण्यासारखं असो की स्वतंत्र घडणीचं, गुन्हाच. व्हॉन नॉटहाउस यांच्यावर लागलेलं कलम या कायद्याचं वारसदार.

ज्या राज्यात बेक्टलर यांचं नाव अभिमानाने घेतात त्याच राज्यात दीडशेहून अधिक वर्षांनी तसंच काम करणाऱ्या माणसाला शिक्षा झाली, याचं मला वाईट वाटतं. पण काळ बदलतो, कायदे बदलतात, तेवढ्याने काही सिद्ध होत नाही.

सिद्ध होतं ते दुसऱ्या तुलनेतून. न्यूयॉर्क राज्यातल्या इथाका गावात 1991 पासून ‘इथाका अवर्स’ नावाच्या स्थानिक नोटा चालल्या. मॅसॅच्युसेट्समध्ये 2006 पासून ‘बर्कशेअर्स’ आहेत. डिस्नीच्या उद्यानांत अनेक वर्षं ‘डिस्नी डॉलर’ चालत होते. कुणाच्या घरावर छापा पडला नाही, आणि पडू नयेच. पण विचार करा. नुसत्या कागदाची खासगी नोट चालते, आणि ज्यात खरी एक औंस चांदी आहे त्या नाण्याचा गुन्हा होतो. कारण 1864 चा कायदा धातूच्या नाण्यांबद्दल आहे. ज्या नोटेत काहीच नाही ती घेणाऱ्याला कायदा त्रास देत नाही आणि ज्याच्या हातात निदान चांदी तरी आहे त्याची चांदी जाते. ग्राहकाचं रक्षण हा हेतू असता तर गणित उलटं बसलं असतं.

आता मूळ मुद्द्यावर, त्या पावत्यांवर येतो.

आपल्याकडे शेतकरी सोयाबीन, तूर, हळद वखारीत ठेवतो आणि वखार पावती घेतो. भाव पडलेला असतो, म्हणून थांबायचं असतं. पावतीवर कर्जही मिळतं. माल वखारीत असला तरी तो शेतकऱ्याचा. समजा, उद्या त्या वखारवाल्यावर गुन्हा दाखल झाला. त्याने परवान्याच्या अटी मोडल्या, पावत्या बेकायदा छापल्या, काहीही. पोलीस येतात, वखारीला कुलूप लावतात आणि आतला सगळा सोयाबीन सरकारजमा करतात. पंचक्रोशीतले शेतकरी वखारीच्या दारात उभे आहेत, हातात पावत्या आहेत, आणि त्यांना सांगितलं जातं की खटला संपू द्या, मग तुमचा माल तुमचा होता हे कागदोपत्री सिद्ध करा, मग बघू. आपल्या तालुक्यात असं घडलं तर त्या संध्याकाळी रस्ता अडवला जाईल, आणि मी अडवणाऱ्यांत असेन.

कोर द'अलेनला घडलं ते हेच. पावतीधारकांनी कुणाला फसवलं नव्हतं. त्यांच्यावर आरोपपत्र नव्हतं. त्यांनी चांदीचे पैसे भरले होते आणि चांदी वखारीत होती, म्हणजे पावत्यांमागे धातू खराच होता, संस्थेने निदान एवढा शब्द पाळला होता. तरी अमेरिकेच्या जप्ती कायद्यात अशा त्रयस्थाने नोटीस मिळाल्यापासून किंवा ती प्रसिद्ध झाल्यापासून 30 दिवसांत अर्ज करायचा असतो आणि आपला हक्क आरोपीच्या हक्काहून वरचढ आहे हे स्वतः सिद्ध करायचं असतं. पुराव्याचा भार त्याच्यावर. ज्याच्यावर कसलाच आरोप नाही त्याने स्वतःच्याच चांदीसाठी वकील करायचा. औंस-दोन औंसांचा मालक वकिलाची फी कुठून देणार?

आणि वेळ. भाव बघा. नोव्हेंबर 2007 मध्ये चांदी औंसाला 15 डॉलरच्या आतबाहेर होती. एप्रिल 2011 मध्ये ती 50 डॉलरच्या जवळ जाऊन पोचली. डिसेंबर 2014 मध्ये पुन्हा 16 च्या आसपास. या सात वर्षांत चांदी एक अख्खा डोंगर चढली आणि उतरली, आणि तिचे मालक पायथ्याशी बांधलेले. ज्या माणसाने ‘कागद घसरतो, चांदी टिकते’ या भरवशावर घेतली होती त्याला 2011 मध्ये विकायची होती, मुलीच्या शिक्षणासाठी म्हणा, घराच्या हप्त्यांसाठी म्हणा. 2008 च्या मंदीत अमेरिकेत किती घरं बँकांनी ताब्यात घेतली हे आठवा. त्या वर्षांत हाताशी नसलेली चांदी नंतर परत दिली तरी नुकसान भरून निघत नाही. ‘न्यायाला उशीर झाला’ हे आपण इतक्या सहज म्हणतो की त्यातली धग जाते. इथे उशिराचा भाव डॉलर-सेंटमध्ये मांडता येतो.

ज्यूरीने दोषी ठरवल्यावर सरकारी वकील ॲन टॉम्पकिन्स यांनी पत्रक काढलं. देशाच्या कायदेशीर चलनाला सुरुंग लावण्याचे प्रयत्न म्हणजे देशांतर्गत दहशतवादाचाच एक आगळा प्रकार आहे, असं त्यात म्हटलं होतं. या वाक्याचा मला राग येतो. मी अशा शहरांच्या राज्यातला आहे जिथे 12 मार्च 1993, 11 जुलै 2006 आणि 26 नोव्हेंबर 2008 या तारखा नुसत्या उच्चारल्या तरी घरात शांतता पसरते. चांदीच्या नाण्यावर स्वतःचा फोन नंबर छापणाऱ्या माणसासाठी तो शब्द वापरू नये. शब्द स्वस्त झाला की त्याच्या नावाखाली काहीही उचलून नेता येतं, आणि हरकत घेणारा संशयित ठरतो. न्यायाधीश रिचर्ड व्होरहीस यांनी शेवटी दिलेल्या शिक्षेत तुरुंगवासाचा एक दिवसही नव्हता. दोषारोपांपैकी एकट्या एका आरोपाला कमाल 15 वर्षं होती. दहशतवाद्याला कुणी घरी बसवत नाही.

धातूवर सरकारचा डोळा असणं तिथे नवं नाही. 5 एप्रिल 1933 रोजी अध्यक्ष रूझवेल्ट यांनी हुकूम काढला: 1 मेपर्यंत सगळ्यांनी आपलं सोनं फेडरल रिझर्व्हकडे जमा करावं. माणशी 100 डॉलरपर्यंतची नाणी, दुर्मीळ नाणी, कारागिरांना लागणारं सोनं वगळलं. न देणाऱ्याला 10,000 डॉलर दंड किंवा 10 वर्षं कैद. भाव दिला औंसाला 20.67 डॉलर. जानेवारी 1934 मध्ये, म्हणजे वर्षही न उलटता, सरकारने तोच भाव 35 डॉलर केला. सरकारी तिजोरीला यातून सुमारे 2.8 अब्ज डॉलरचा फायदा झाला. बँकांची पडझड चालू होती, मंदी भीषण होती, काहीतरी धाडसी करणं भाग होतं, हे सगळं मान्य. पण हुकूम मानून पहिल्याच आठवड्यात सोनं देऊन आलेल्या माणसाला त्या फायद्यातला एक सेंट मिळाला नाही. सोनं बाळगण्यावरची ही बंदी उठली 31 डिसेंबर 1974 रोजी. एक पिढी गेली त्यात.

आपल्याकडची आठवण याहून जवळची आहे. चीनबरोबरच्या युद्धानंतर जानेवारी 1963 मध्ये मोरारजी देसाई यांनी सुवर्ण नियंत्रण आणलं. 14 कॅरटच्या वर दागिना घडवायचा नाही. आपल्या सराफकट्ट्यांना विचारा, अजून सांगतात. 14 कॅरटचं सोनं कडक, त्यात बारीक नकस उठत नाही, आणि गिऱ्हाईक ते सोनंच मानत नाही. पिढ्यान्पिढ्या भट्टीपुढे बसलेली सोनार कुटुंबं एका फर्मानात बेकार झाली. नंतर 1968 चा कायदा आला. कोणाकडे किती सोनं आहे ते जाहीर करा, नोंदी ठेवा, परवाने घ्या, अधिकाऱ्याला शंका आली तर तो येऊन जप्त करणार. 1969 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यातली काही कलमं रद्द केली, कारण अधिकाऱ्यांना दिलेले अधिकार अनिर्बंध होते. सगळा कायदा गेला 1990 मध्ये. तो रद्द करण्याची घोषणा अर्थमंत्री मधू दंडवते यांनी केली, आमच्या राजापूरचे खासदार, आयुष्यभर समाजवादी. खासगी मालमत्तेचे कैवारी म्हणून कुणी त्यांच्याकडे बोट दाखवलं नसतं. तरी त्यांनी तो कायदा मोडीत काढला, कारण सत्तावीस वर्षांत देशाची सोन्याची हौस कमी झाली नव्हती आणि तस्करी मात्र पोसली गेली होती.

मी हे सगळं लिहितो आहे ते केवळ जुन्या हिशेबासाठी नाही. जानेवारी 2009 मध्ये बिटकॉइन आलं, तेव्हा लिबर्टी डॉलरची चांदी सरकारी कोठारात पडून होती. आज पुण्या-मुंबईतली पोरं मोबाइलवर ‘डिजिटल सोनं’ घेतात, शंभर रुपयांचंसुद्धा. सोनं कुठल्यातरी तिजोरीत, आपल्याकडे स्क्रीनवरचा आकडा. म्हणजे वखार पावतीच. ती चालवणाऱ्या कंपनीने उद्या काही गुन्हा केला तर तिजोरीतलं सोनं कुणाचं मानलं जाईल? हे आज ठरवायला हवं, कुलूप लागल्यावर नाही.

आणि ठरवता येतं. आपल्याच न्यायव्यवस्थेत त्याची वाट आहे. पोलीस ठाण्यांच्या मुद्देमाल खोल्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना ठाऊक आहे तिथे वस्तूंचं काय होतं. 2002 मध्ये गुजरातमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की दागिन्यांसारख्या मौल्यवान वस्तू खटला संपेपर्यंत ठाण्यात सडवण्याचं कारण नाही. सविस्तर पंचनामा करा, फोटो काढा, हमी घ्या आणि ज्याची वस्तू त्याला देऊन टाका. पुरावा म्हणून फोटो आणि पंचनामा पुरतो. आता नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही न्यायालयापुढे आलेल्या मालमत्तेचं वर्णन 14 दिवसांत नोंदवायचं आणि तिची विल्हेवाट पुढच्या 30 दिवसांत ठरवायची अशी तरतूद आहे. तालुक्याच्या कोर्टात ती किती पाळली जाते हा वेगळ्या लेखाचा विषय. निदान तत्त्व तरी लिहून ठेवलेलं आहे.

लिबर्टी डॉलरच्या बाबतीत हे किती सोपं होतं. पुरावा म्हणून प्रत्येक प्रकारची पाच-पाच नाणी ठेवायची. बाकीची वितळवायची. टाकसाळच ताब्यात होती, भट्टी तिथेच होती. शिक्का गेला की गुन्हा गेला, उरते ती 999 ची चांदी. ती पावत्यांच्या वहीप्रमाणे वाटून द्यायची. वितळवण्याचा खर्च वजा करा हवं तर.

लक्ष्मीपूजनाला आमच्या घरी चौरंगावर चांदीचं नाणं असतं, दरवर्षी एक नवं, दहा ग्रॅमचं. एका बाजूला कमळातली लक्ष्मी, दुसऱ्या बाजूला सराफाच्या पेढीचं नाव आणि 999. खासगी माणसाने पाडलेलं, धातूचं, गोल, शिक्का मारलेलं. त्यावर रुपयाचं चिन्ह आणि आकडा नाही एवढ्याच फरकावर ते पूजेचं नाणं आहे, गुन्ह्याचं नाही. उद्या त्या सराफाने हौसेने त्यावर ‘1000 रुपये’ असं कोरलं तर सरकारने त्याला जरूर जाब विचारावा. पण आमच्या चौरंगावरची दहा ग्रॅम चांदी तरीही दहा ग्रॅमच राहील, आणि आमचीच.

इंग्रजांच्या काळात, 1906 साली, भारताचा नाणेविषयक कायदा झाला. त्यात खोट्या नाण्यांची तरतूद होती. सरकारी रुपया म्हणून पाडलेलं चांदीचं नाणं कुणी खजिन्यात आणून दिलं आणि ते बनावट आहे असं मानायला अधिकाऱ्याकडे कारण असलं तर त्याने ते कापायचं किंवा फोडायचं. मग त्याला दोन मोकळ्या वाटा होत्या. तुकडे आणणाऱ्याच्या हातात परत द्यायचे, नाहीतर नाणं ठेवून घेऊन त्यात जेवढी चांदी निघेल तिची किंमत त्याला मोजून द्यायची.